अष्टग्रही आणि भरली वांगी

मी भित्रा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा तसा समज होण्याचा दाट संभव आहे. निपाणीची कानडी बंगळुरात कुणाला धड कळत नसताना मी इथे आलो, मल्लेश्वरमात आठव्या क्रॉसवर, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीत, खानावळ काढली आणि इथल्याच एका जुन्या, पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठी घरातली मुलगी मागणी घालून आणली. मुलगी बघायला गेलो तेव्हा समोर बावीस माणसं बसली होती आणि बावीसही जणं माझ्या कपातल्या चहाकडे बघत होती. तो चहा न सांडता प्यालेला माणूस ग्रहांना काय घाबरणार!

ग्रहांचं काढलं ते बासष्टच्या फेब्रुवारीचं. आठवत असेल तुम्हाला. मकर राशीत आठ ग्रह एकत्र जमणार होते. म्हणजे जमायचं त्यांनी आणि मरायचं आपण! सगळ्या बंगळूरची पाचावर धारण बसली. कोपऱ्याकोपऱ्यावर होम पेटले. धुरानं डोळे चुरचुरायचे आणि तूप इतकं जळत होतं की दुकानात मागायला गेलं तर दुकानदार म्हणायचा, "होमाला हवं असेल तर देतो, खायला नाही."

मी मात्र गल्ल्यावर बसून माणसं न्याहाळत होतो. तो माझा जुना नाद. घाबरलेला माणूस दुप्पट जेवतो, हा शोध मला त्याच आठवड्यात लागला. "उद्याचं कुणी पाहिलंय, गुंडोराव? अजून दोन वांगी वाढा!" असं म्हणत चामराजपेटेपासूनची माणसं माझ्या बाकांवर येऊन टेकत होती.

वांगी म्हणजे आमची भरली वांगी. खानावळीचं सगळं नाव त्या वांग्यांवर उभं होतं. त्यांच्या आंबटपणात एक वेगळीच गंमत होती, जिभेवर आधी लपायची आणि मग हळूच डोळा मारायची. ती चिंचेची नव्हे. माझी बायको अहल्या मसाल्यात डाळिंबाचे वाळवलेले दाणे कुटून घालायची. हे फक्त तिला आणि मला ठाऊक. निपाणीला आमच्या परसात डाळिंबाचं झाड होतंच, तेव्हा ही युक्ती आमच्या पणजीची हे मला कुणी सांगायची गरजच पडली नाही. गिऱ्हाइकांना मी पणजीची गोष्ट रंगवून सांगायचो, दाण्यांचं मात्र नाव काढायचो नाही. ते गुपित फुटलं तर खानावळ बसलीच!

आमच्या क्रॉसवर माझ्यासारखेच परमुलखातून आलेले आणखी तीन अन्नदाते होते. कोपऱ्यावर उडुपीकडचे भीमाचार्य, त्यांचं सार प्रसिद्ध. समोर पालघाटचे कृष्णमूर्ती अय्यर, त्यांचं पायसम, म्हणजे दुधाची खीर. आणि पलीकडे सिंधमधल्या शिकारपूरचा खूबचंद, फाळणीत घरदार सोडून म्हाताऱ्या आईला घेऊन इथवर आलेला. त्याची कढी. दुपारी तीनला गिऱ्हाईक ओसरलं की चौघं माझ्याकडे कॉफीला जमायचो. बोलणं कानडीतच, पण चौघांची कानडी चार गावची. एकमेकांवर आमचा फार जीव, फक्त एकमेकांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही!

शुक्रवारी दुपारी भीमाचार्य आले ते पंचांग छातीशी धरूनच.

"रविवारी संध्याकाळी साडेपाच," ते म्हणाले. "मी तीनदा गणित केलं. सुटका नाही."

"सहाला माझी एक पंगत ठरलीय," खूबचंद म्हणाला.

"पंगत वरती बसेल!"

भीमाचार्यांनी आवाज खाली आणला. "मला मरणाचं काही नाही. पण माझ्या आजीचं सार माझ्याबरोबर जाणार, याचं वाईट वाटतं. तुमचंही तेच. म्हणून म्हणतो, आपापल्या घरची कृती एकमेकांना सांगून टाकू. चौघांतला एक जरी वाचला, तरी चार घराण्यांची चव वाचेल."

"आणि चौघंही गेलो तर?" मी विचारलं.

"तर खायला तरी कोण उरणार आहे, गुंडोराव!"

मी मनातल्या मनात हिशेब केला. जग काही बुडत नाही. म्हणजे सोमवारी सकाळी माझ्या हाती सार, पायसम आणि कढी! आणि मी काय द्यायचं? देऊ काहीतरी!

पण हे तिघं खोटं बोलले तर? परमुलखातली माणसं, सांगावं कुणी! तेव्हा शपथ मीच सुचवली. अहल्या हळदीकुंकवाला गेली होती. देवघरातून तिची अन्नपूर्णा उचलून आणली. लग्नात तिच्या आईनं दिलेली, बोटाएवढी, पितळेची, हातात पळी घेतलेली. तांदळांच्या वाटीत बसवून टेबलावर ठेवली.

"हिच्यावर हात ठेवायचा," मी गंभीर होऊन सांगितलं. "खोटं बोलेल त्याच्या अन्नाची चव जाईल!"

भीमाचार्यांनी हात ठेवला आणि साराची कृती सांगितली. मी कान टवकारून ऐकली. कृष्णमूर्तींनी पायसम सांगितलं. "पाच तास, राव! मंद विस्तवावर, न थांबता ढवळत! माझी आई ढवळायची, आजी ढवळायची..." इथे त्यांना हुंदका आला. खूबचंद खिडकीबाहेर बघत भराभर म्हणाला, "बेसन भाजायचं. पाणी घालायचं. भाज्या घालायच्या. मग आई."

"आई?"

"म्हणजे, आई म्हणेल तेव्हा उतरवायची."

मग माझी पाळी. अन्नपूर्णेवर हात ठेवला. "शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, काळा मसाला, गूळ. आणि चिंच."

'चिंच' म्हणताना माझी जीभ केसभरही अडखळली नाही. उलट मी डोळेसुद्धा मिटले! भीमाचार्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमची पणजी आता आमची झाली."

त्या दिवशी मी इतका खुशीत होतो की जेवताना शीळ घातली.

शनिवारी पहाटे देवाप्पा गवळी आला. पातेल्यात दूध ओतलं आणि मी बघतच राहिलो. दूध पांढरं होतं! दाट होतं! पातेल्याच्या कडेला चिकटत होतं!

"देवाप्पा, हे काय?"

"दूध, राव."

"ते दिसतंय! पाणी कुठाय?"

देवाप्पानं मान खाली घातली. "आजपास्नं न्हाई घालणार. वर गेल्यावर इचारत्यात म्हणं."

दहा वर्षांत या माणसानं कुणाच्या बापाची भीड धरली नव्हती, तो पाणी घालायचा थांबला! याला काहीतरी पक्कं कळलं असणार.

साडेदहाला त्रिविक्रमराव आले. सचिवालयातले, रोजचे जेवणारे. ताटावर न बसता माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "गुंडोराव, सहा वर्षं मी रोज दोन पुऱ्या रुमालात बांधून नेतो. माफी असावी."

"असू दे हो, रावसाहेब," मी म्हणालो, पण माझा आवाज फाटला. सरकारी माणूस कबुली देतोय! कागद वरपर्यंत गेल्याशिवाय हे होत नाही!

दुपारी सासूबाई आल्या. ठकुबाई. लग्नाला अकरा वर्षं झाली, या बाईंनी माझ्याविषयी एक बरा शब्द काढलेला नव्हता. त्या बाकावर टेकल्या, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "गुंडोपंत, तुम्ही तसे वाईट नाही."

मी खांब धरला. आता शंकेला जागाच उरली नाही. जग बुडणार!

आणि मी अन्नपूर्णेवर हात ठेवून खोटं बोललेलो!

त्या क्षणापासून मला अन्न जाईना. देवघराकडे बघायची सोय राहिली नाही. ती बोटाएवढी बाई पळी उगारून माझ्याकडेच बघते आहे, असं वाटायचं. वांगी चाखली तर बेचव लागली. मीठ घातलं, तरी बेचव. पुन्हा मीठ घातलं. पंगतीतून तिघं पाणी पाणी करत उठले आणि मला वाटलं, आली, शिक्षा आली!

रविवारी दुपारी न राहवून अहल्येला विचारलं, "अगं, अन्नपूर्णेवर खोटी शपथ घेतली तर काय होतं?"

"कोणी घेतली?" ती वेणी घालत होती.

"कोणी नाही. शास्त्र म्हणून विचारतोय."

"पोटात गोळा उठतो म्हणायची अज्जी. गळ्यापर्यंत चढतो, मग माणूस संपतो."

तिचं वाक्य संपायच्या आत गोळा उठला! लिंबाएवढा! मी पोट धरून बसलो, तर ही पदर खोचून बाहेर निघालेली.

"कुठे चाललीस?"

"खूबचंद अण्णांकडे. त्यांच्या अम्मांचे पापड लाटायला."

"पापड? साडेपाचला जग बुडतंय आणि तू वर्षभराचे पापड लाटणार?"

"मग भिजवलेलं पीठ काय टाकून देऊ?" ती म्हणाली. "स्वल्प आडवे व्हा तुम्ही. चेहरा बघा कसा झालाय, शिळ्या पडवळासारखा."

आणि गेली. मी एकटा. घड्याळात चार. गोळा लिंबावरून मोसंब्यावर आलेला. पावणेपाचला तो छातीशी पोचला आणि मी ठरवलं, खरं सांगून टाकायचं! खानावळ बसली तर बसू दे. नाही तरी पाऊण तासात सगळंच बसणार आहे!

धावत भीमाचार्यांकडे गेलो. हॉटेल बंद. मागच्या दारानं आत शिरलो, तर आचार्य गंगाजळाच्या तांब्यांच्या मधोमध सोवळ्यात बसलेले. त्या दिवशी अमावस्या, त्यांचं मौन होतं.

"आचार्य, मी खोटं बोललो!" मी पाय धरले. "चिंच नाही! चिंच नाही हो!"

आचार्यांचे डोळे विस्फारले. त्यांनी बोट वर केलं. मी वर बघितलं. छत! बोट अजून वरच! "वरून येतंय?" मी ओरडलो. त्यांनी जोरात मान हलवली आणि पुन्हा बोट वर! मी टेबलाखाली घुसलो. शेवटी वैतागून ते स्वतःच उठले आणि फळीवरची पाटी काढली. पाटी हवी होती त्यांना! काही न बोलता लिहिलं आणि टेबलाखाली माझ्यासमोर धरली.

"मीसुद्धा. मेथी सांगितली नाही. खोबरेल तेलात."

हातात पंचांग धरणारा माणूस! मग दोघं हातात हात घालून कृष्णमूर्तींकडे पळालो. ते चुलीपुढे बसून पायसम ढवळत होते. आम्हाला बघताच दचकून उठले आणि काहीतरी पाठीमागे लपवलं.

"अय्यर, आम्ही सांगायला आलोय की..."

"सांगू नका! मला कळलंय तुम्हाला कळलंय!" कृष्णमूर्ती गुडघ्यांवर कोसळले आणि त्यांनी पाठीमागचा हात पुढे केला. हातात दाट दुधाचा विलायती डबा! "मी पापी आहे, राव! पाच तास नाही, पंधरा मिनिटं! आईचा हात दुखायला लागला तेव्हापासून डबाच!"

"आणि तो हुंदका?"

"हुंदका खरा होता. डबे मिळेनासे झालेत."

घड्याळात सव्वापाच वाजून गेले होते. उरला खूबचंद. तिघं रस्त्यावर आलो. क्रॉसवर चिटपाखरू नाही. होमांच्या धुरानं सूर्य तांबडालाल, जसा तव्यावर करपलेला पापड. रस्त्याच्या मधोमध तीन कुत्री निपचित पडलेली. संकटाआधी कुत्री भुंकतात म्हणतात. ही भुंकत नव्हती, म्हणजे ही गेलीच असणार! एवढ्यात एकानं शेपूट हलवलं आणि आचार्यांनी मौन मोडून अशी किंकाळी फोडली की ती तिन्ही कुत्री पळाली आणि त्यांच्या पुढे कृष्णमूर्ती!

खूबचंद दुकानात एकटाच होता. मोठ्या पातेल्यात छोले भिजत घालत होता.

"हे काय करतोस?" मी धापा टाकत विचारलं.

"उद्याचे छोले."

"उद्या? खूबचंद, उद्या नाहीये!"

त्यानं पाण्यात हात फिरवला. "राव, शिकारपूरला पण सगळे असंच म्हणत होते. नव्हताच तिथला उद्या. पण दुसरीकडे कुठेतरी होता की. छोले भिजलेले असले म्हणजे बरं पडतं."

तेवढ्यात आतून आवाज आला.

धडाम!

जमीन हादरली. भांडी किणकिणली. घड्याळात बरोबर साडेपाच!

धडाम! धडाम!

"आला!" आचार्य ओरडले आणि आडवे झाले. त्यांच्यावर कृष्णमूर्ती, कृष्णमूर्तींवर मी. गोळा गळ्यापर्यंत आला. अन्नपूर्णेची पळी डोळ्यांपुढे नाचू लागली.

धडाम!

"मेथी!" आचार्य खालून किंचाळले. "खोबरेल तेलात मेथी!"

धडाम!

"डबा! डब्याचं दूध!" कृष्णमूर्ती.

धडाम!

"डाळिंबाचे दाणे!" मी जीव तोडून ओरडलो. "चिंच नाही! वाळवलेले डाळिंबाचे दाणे! आमच्या पणजीचे!"

आणि आमचं बघून का कोण जाणे, उभ्या उभ्या खूबचंदही ओरडला, "मला कढी येतच नाही! आईच करते! मी मनाचं काहीही सांगितलं!"

आवाज थांबला. जग होतं तिथेच होतं. आतल्या दाराचा पडदा सरकला आणि खूबचंदची आई बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ, हातात लाकडी मुसळ. पापडाचं पीठ कुटत होती बाई! उडदाचं पीठ कुटल्याशिवाय पापड हलका होत नाही म्हणे. तिच्यामागून अहल्या डोकावली.

"कोण ओरडतंय? आणि हे तिघं असे एकावर एक का पडलेत, अण्णा?"

म्हातारीनं माझ्याकडे निरखून बघितलं आणि आपल्या मोडक्या कानडीत विचारलं, "डाळिंबाचे दाणे कोणाच्या पणजीचे म्हणाला हा?"

"आमच्या," मी खालूनच म्हणालो. "निपाणीच्या."

म्हातारी हसायला लागली. मुसळ टेकून, पदर तोंडाला लावून, अंग हलवत हसली. अहल्या मात्र हसली नाही. ती जमिनीकडे बघायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की आता काहीतरी वाईट ऐकायला मिळणार.

"अहो, ते दाणे अम्मांनी दिले," ती हळूच म्हणाली. "चार वर्षं झाली. मी इथे पहिल्यांदा पापड लाटायला आले होते तेव्हा. भाज्यांत भरतात त्या. मी आपल्या वांग्यांत घालून बघितले."

"आणि आमच्या परसातलं झाड?"

"त्याला फळ धरायचं का कधी? तुमच्या आईंनीच सांगितलं होतं मला, वांझ होतं ते."

खूबचंद भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होता. म्हणजे त्याला पहिल्या घासापासून ठाऊक होतं! रोज दुपारी माझ्या तोंडून पणजीची गोष्ट ऐकायचा आणि वर म्हणायचा, "वा, राव!"

"मग बोलली का नाहीस?" मी अहल्येला विचारलं.

"तुम्ही गिऱ्हाइकांना इतकं मन लावून सांगत होतात. म्हटलं, सरी, ठीक आहे, राहू दे. त्याआधी खानावळीत येत होतं कोण? तुमच्या घरच्या कृतीची वांगी मी सात वर्षं केली. निम्मी पानावर टाकून जायचे लोक."

"आमच्या घरची कृती कोणती मग?"

"तीच की. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, काळा मसाला, गूळ." ती थांबली. "आणि चिंच."

मी उठून बसलो. आचार्य उठून बसले. कृष्णमूर्तींनी डबा खाली ठेवला. चौघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग तिघंजण फक्त माझ्याकडे बघायला लागले.

"म्हणजे शुक्रवारी," आचार्य सावकाश म्हणाले, "अन्नपूर्णेवर हात ठेवून..."

"हो."

"चौघांत एकटे तुम्हीच..."

"हो हो, कळलं!"

सोमवार उजाडला. देवाप्पाच्या दुधात पाणी परत आलं, त्रिविक्रमरावांचा रुमाल पुन्हा फुगला आणि सासूबाईंनी निरोप धाडला की शनिवारी मी म्हणाले ते मनावर घेऊ नये. वांगी खूबचंदच्या आईच्याच दाण्यांची चालू आहेत. त्या शपथेला चौघांत जागलेला सच्चा माणूस मी एकटा, हे आठव्या क्रॉसवर सगळ्यांना मान्य आहे. कुणी तसं म्हणून माझी पाठ थोपटली की मी गप्प बसतो. कारण खोटं बोलायची मी माझ्याकडून शर्थ केली होती, हो!